नोंद नसलेली पाहुणी

अबोली आली तेव्हा तिच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं आणि डाव्या हातात फक्त एक कापडी पिशवी होती. दार उघडल्या उघडल्या तिनं आधी विचारलं, "ताई, इथे नाक आहे का गं?"

तृप्तीनं मान हलवून वर बोट दाखवलं. बैठकीच्या खोलीत, पंख्याच्या बाजूला, साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी होती. तसलीच एक झोपायच्या खोलीत. सोसायटीच्या कागदपत्रांत त्या यंत्राला 'निवास-प्रहरी' म्हणत. पण नागपुरात काय, अमरावतीत काय, सगळे त्याला नाकच म्हणत.

"मग मी जाते," अबोली म्हणाली.

"आत ये आधी. दोन रात्री कुणी काही विचारत नाही."

अबोली आत आली आणि चपला न काढता तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा नवरा, निशांत गिरडकर, अमरावतीला होता. ती घरातून निघाली त्याच संध्याकाळी त्यानं पोलिसांत बायको हरवल्याची तक्रार दिली होती. सोबत आपल्या फ्लॅटमधल्या नाकानं साठवलेली तिची हवेतली ओळखही दिली होती. मागच्या वेळी ती अशीच निघाली, तेव्हा अकोल्याच्या मैत्रिणीकडे तिसऱ्या रात्रीनंतर सापडली. पोलिसांनी समजूत घालून नवऱ्याच्या हवाली केलं. हात मोडला तो त्यानंतर.

ही नाकं दारोदार बसली त्याला कारण होतं. उन्हाळे असे झाले होते की वीज आणि पाणी माणशी मोजून मिळायचं. एका खोलीत सहा-सहा जण भाड्यानं राहू लागले तेव्हा इमारतींचा हिशेब कोलमडला, आणि घरात रात्री किती माणसं झोपतात हे घरमालकानं कळवायचं असा नियम आला. पाहुणा सलग दोन रात्री चालेल. तिसऱ्या रात्री त्याचं नाव नोंदवायचं. नोंद झाली नाही तर त्या अनोळखी माणसाची ओळख आपोआप पोलिसांच्या शोधयादीशी ताडून पाहिली जायची. फरारी गुन्हेगार त्यात सापडले, हरवलेली म्हातारी माणसं सापडली. कुणाचा त्याला विरोध नव्हता.

तृप्तीला त्यामागचं शास्त्र माहीत होतं. ती एका मोठ्या डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधातले जिवाणू तपासायची. माणसाच्या कातडीवर, तोंडात, आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात, आणि त्यातले काही सतत आपल्याभोवतीच्या हवेत सुटत असतात. माणूस नुसता बसला तरी त्याच्याभोवती न दिसणारा एक ढग असतो. कोणते जिवाणू किती, याचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं. नाक रात्रभर हवा ओढतं, आतल्या पातळ पडद्यावर अडकलेल्या जिवाणूंची जनुकं वाचतं आणि ओळखतं की इथे कोण झोपलंय. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून किती जण झोपलेत तेही कळतं. तोंड झाकून, खोलीत अंधार करून या यंत्राला फसवता येत नव्हतं.

तृप्तीचा भाडेकरार एकाच व्यक्तीचा होता. आई गेल्यावर तिनंच अबोलीला शिकवलं होतं आणि तिचं लग्नही लावून दिलं होतं. त्या दोघींना आणखी कुणी नव्हतं. लग्नानंतर निशांतनं दोघींच्या भेटी बंद केल्या होत्या, आणि तृप्तीचं हे नागपुरातलं घर त्याला माहीत नव्हतं. महिलांसाठीच्या आधारगृहातही नाक होतंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी अबोलीला झोप लागली. तृप्ती तिच्याजवळ बसली आणि आपल्याच कामाचा विचार करता करता एकदम थांबली. शेजारशेजारच्या टाक्यांतलं दूध एकाच नळीतून फिरलं की काही दिवसांनी दोन्ही टाक्यांचा निकाल सारखा येतो. माणसांचंही तसंच होतं. एका घरात, एका ताटात जेवणारी माणसं हळूहळू एकमेकांसारखी होत जातात. नवराबायकोचे ढग वर्षभरात बरेच जुळतात. म्हणून तर नाक हट्टी नव्हतं. माणूस आजारी पडतो, गावाला जाऊन येतो, खाणं बदलतो, हे गृहीत धरून ते भाडेकरूची ओळख रोज थोडीथोडी सुधारून घ्यायचं.

अबोली उठल्यावर तृप्ती म्हणाली, "तुला लपवता येणार नाही. पण तुला तृप्ती करता येईल."

"म्हणजे?"

"माझा टॉवेल, माझा कंगवा, माझी उशी. माझ्या विरजणाचं दही. माझे न धुतलेले कपडे घालायचे. एका ताटात जेवायचं."

अबोली कितीतरी दिवसांनी हसली. "लहानपणी तू मला तुझ्या कंगव्याला हात लावू द्यायची नाहीस."

दोन रात्री झाल्या की तिसऱ्या रात्री तृप्ती तिला डेअरीत घेऊन जायची. बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत नाक नव्हतं. मग पुन्हा दोन रात्री घरी. असं करत हिवाळा सरत आला. प्लास्टर निघालं. मग तृप्तीनं अर्ज देऊन कायमची रात्रपाळी मागून घेतली. घरात रात्री एकच माणूस हवा, आणि तो तृप्ती वाटायला हवा. दिवसा कोण येतं-जातं याच्याशी नाकाला घेणं नव्हतं.

पहिल्या रात्री अबोली घरात एकटी झोपली. तृप्तीनं कामावर एकही नमुना धड तपासला नाही. उजाडल्यावर तिनं मोबाइल उघडला. सोसायटीच्या पानावर हिरवी ओळ होती. 'निवासी एक. ओळख पटली.'

ती स्वच्छतागृहात गेली, नळ सोडला आणि रडली.

सुरुवातीचे महिने बरे गेले. तृप्ती सकाळी यायची तेव्हा अबोलीनं पोहे केलेले असायचे. तृप्ती जेवून झोपायची. अबोली पंख्याचा आवाज ऐकत शेजारी पडून राहायची. ती बाहेर फारशी जात नसे. हळूहळू स्वयंपाकघरातले डबे तिच्या सोयीनं लागले, गादीला तिच्या अंगाचा खळगा पडला. तृप्ती दिवसाउजेडी झोपून झोपून अशक्त झाली होती. एकदा ती चहापत्ती शोधत राहिली आणि चिडून म्हणाली, "माझ्याच घरात मला काही सापडत नाही."

अबोलीनं डबा काढून दिला. त्या दिवशी दोघी वेगवेगळ्या ताटांत जेवल्या. संध्याकाळी निघताना तृप्तीलाच भीती वाटली आणि ती आपला अंगातला कुडता काढून अबोलीच्या उशीवर टाकून गेली.

मे महिन्यात तृप्तीला टायफॉइड झाला. डॉक्टरांनी भारी प्रतिजैविकं दिली, पडून राहायला सांगितलं. आता रात्री घरात तृप्ती असणार, म्हणजे अबोलीला बाहेर जावं लागणार. डेअरीत तृप्तीशिवाय तिला कोण आत घेणार? शेवटी ती एका मोठ्या रुग्णालयाच्या आवारात गेली. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी तिथे पत्र्याची शेड होती, शंभरेक माणसं चटया टाकून पडायची. तिथे कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. रात्रीसुद्धा पत्रा तापलेला असायचा. अबोली सकाळी परत यायची तेव्हा तिचे ओठ फुटलेले असायचे, तरी आल्याबरोबर तृप्तीच्या कपाळावर पट्ट्या ठेवायला बसायची.

तिसऱ्या सकाळी ती अजून यायची होती, तेवढ्यात दार वाजलं. तृप्ती भिंत धरत उठली. दारात घरमालक, पिंपळापुरे काका उभे होते. तळमजल्यावर राहायचे. निवृत्त बँक अधिकारी, नियमाला घाबरणारा माणूस. सोसायटीनं दंड लावला तर तो मालकाला बसायचा, म्हणून स्वतःच्या मुलालासुद्धा दोनच रात्री ठेवून घ्यायचे.

"तृप्ती, कोण राहून राहिलं तुझ्याकडे?"

"कुणी नाही काका. मीच आहे. ताप आहे म्हणून घरी आहे."

काकांनी मोबाइल पुढे केला. ओळ लाल होती. 'निवासी गैरहजर. अनोळखी व्यक्ती एक. तिसरी रात्र.'

तृप्तीनं ती दोनदा वाचली. आणि मग तिला कळलं. चार महिने रात्री या घरात अबोली झोपत होती. नाक रोज थोडंथोडं शिकत गेलं होतं, तृप्तीची ओळख सरकत सरकत अबोलीची झाली होती. त्यात औषधांनी तृप्तीच्या अंगातले उरलेसुरले जिवाणूही मारून टाकले होते. आता भाडेकरू अबोली होती. लाल ओळीतली अनोळखी बाई ती स्वतः होती.

"काका, तुम्ही मला सहा वर्षं ओळखता. मी तुमच्यासमोर उभी आहे ना?"

"मला दिसतेस ना पोरी. पण मला दिसणं कोण धरणार? मशीन सांगून राहिलं की तू इथे नाहीस."

"मशीन चुकलं असेल."

"तर मग तपासणीला माणूस येईल. गादीचे, पडद्याचे नमुने नेईल. घरात जितक्या जणांचा अंश सापडेल, तितक्या जणांचा शोध घेतील." काकांनी एकदा जिन्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "थंडीत जिन्यावर एक पोरगी पाहिली होती मी. हाताला प्लास्टर. तुझ्यासारखंच नाक-डोळे. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं."

तृप्ती खालीच बसली. तिनं सगळं सांगितलं. काका दारातच उभे राहून ऐकत होते, एक हात चौकटीवर.

"बहीण आहे न सख्खी? मग ती पाहुणी नाहीच," ते म्हणाले. "कायद्यात आहे. रक्ताच्या नात्यातल्या माणसाला भाडेकरू सोबत ठेवू शकतो. मालकाला नाही म्हणता येत नाही, अन मी म्हणणारही नाही. सहनिवासी म्हणून आज नोंदव, उद्यापासून कुणी तुला हात लावणार नाही."

"नाव द्यावं लागेल."

"नाव तर द्यावंच लागते."

"नाव दिलं की तक्रारीशी जुळेल. त्याला पत्ता कळेल, काका."

काकांनी मोबाइल खिशात टाकला. "संध्याकाळी सहापर्यंत मला थांबवता येते. त्यानंतर ते आपोआप पुढे जाते. माझ्या हातात राहत नाही," असं म्हणून ते खाली गेले. जिन्यावर त्यांची पावलं मधेच एकदा थांबली, मग पुन्हा ऐकू आली.

अबोली आली तेव्हा तृप्ती जमिनीवरच बसून तिच्यासाठी बॅग भरत होती.

"रायपूरची गाडी आहे दुपारी," तृप्ती म्हणाली. "तिथे माझ्यासोबत शिकलेली एक जण आहे. दोन रात्री ठेवेल."

"मग तिसऱ्या रात्री?"

"मग दुसरीकडे. काहीतरी होईल."

"ताई, काय झालं ते आधी सांग."

तृप्तीनं सांगितलं. अबोली ऐकता ऐकता तिच्यासमोर बसली. लाल ओळीबद्दल कळल्यावर तिनं डोळे मिटून घेतले.

"म्हणजे मी तुला तुझ्याच घरातून काढलं."

"मूर्खासारखं बोलू नको. उलट बरं झालं." तृप्ती घाईघाईनं बोलायला लागली. तापानं तिचा आवाज चढत होता. "ऐक. गाडीबिडी नको. तू राहा इथेच. मशीनच्या लेखी तूच तृप्ती आहेस. मी जाते. मी गेले की ओळ हिरवी होईल. भाडं मी भरत राहीन. डेअरीत पडून राहीन कुठेतरी."

"उभं राहता येतं का तुला?"

"येईल."

"उभी राहून दाखव."

तृप्ती उठली. ती तशीच बॅगेवर कोसळली. अबोलीनं तिला धरलं, पाणी पाजलं आणि गादीवर निजवलं. तृप्तीनं तिचं मनगट घट्ट पकडलं होतं. तेच मोडलेलं मनगट. अबोलीला दुखलं असणार, पण तिनं ते सोडवून घेतलं नाही.

"तू नाव दिलंस तर तो येईल. अबू, तो या वेळी हातावर थांबणार नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"त्या शेडमध्ये माझ्या बाजूला एक बाई असते, तिचा नवरा आत वॉर्डात आहे," अबोली म्हणाली. "तिनं काल विचारलं, तुझं नाव काय. मी तृप्ती सांगितलं. लगेच, विचारही न करता. ताई, चार महिन्यांत मी माझं नाव एकदाही घेतलेलं नाही. तुझे कपडे घालते, माझ्या अंगाला तुझा वास येतो, तुझ्या नावानं झोपते. आता तू घर सोडून जायचं म्हणतेस, आणि मी तुझी जागा घेऊन आत दडून बसू?"

"जिवंत तर राहशील!"

"आणि तू कुठे राहशील?"

ती उठली. तृप्तीनं हाक मारली, पुन्हा मारली. अबोली जिना उतरत गेली. तृप्ती भिंतीला धरून कशीबशी दारापर्यंत पोहोचली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. खालून काकांचा आवाज आला, "सगळं नाव सांग, बेटा." मग अबोलीचा आवाज. स्पष्ट आणि सावकाश. "अबोली निशांत गिरडकर. माहेरचं ठवकर." मग ओळख नोंदवायच्या यंत्रात तिनं फुंकर मारल्याचा आवाज, आणि थोड्या वेळानं एक टिंग.

तृप्तीनं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

निशांत दुसऱ्या दिवशी दुपारी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. सोबत एक महिला हवालदार होती. तक्रार मिटवायला तिला अबोलीचा जबाब हवा होता.

"तुम्ही स्वतःच्या मर्जीनं राहता इथे?" हवालदार बाईंनी विचारलं.

"हो."

"परत जायचंय?"

"नाही."

निशांत दु:खी चेहऱ्यानं म्हणाला, "रागात आहे मॅडम. मी काही जबरदस्ती करणार नाही. सापडली, हेच खूप आहे." त्यानं पिशवी टेबलावर ठेवली, खोलीभर नजर फिरवली. बाल्कनी, दाराची कडी, आतली खोली. "घर छान आहे," तो तृप्तीला म्हणाला. "पाहून ठेवलं."

हवालदार बाई लिहिता लिहिता थांबल्या. त्यांनी निशांतला खाली जाऊन थांबायला सांगितलं. तो गेल्यावर त्या अबोलीच्या हाताकडे बघून म्हणाल्या, "हे मनगट वाकडं कसं जुळलंय?"

तृप्ती बोलणार होती. अबोलीनंच सांगितलं. "त्यांनी मोडलं. दारात धरून."

"लिहून द्याल?"

"देईन."

"मग आज नाहीतर उद्या चौकीत यावं लागेल. अन तोवर," बाईंनी टोपी नीट केली, "तोवर मी दाराशी माणूस नाही ठेवू शकत. ते माझ्या हातात नाही." त्यांनी आपला नंबर दिला आणि गेल्या.

काकांनी तृप्तीचीही फुंकर घेऊन तिची ओळख नव्यानं नोंदवली होती. मोबाइलवर ओळ हिरवी झाली होती. 'निवासी दोन. ओळख पटली.' वीज, पाणी दोघींचं मंजूर झालं. तृप्तीनं बाल्कनीतून खाली पाहिलं. रस्त्यापलीकडे कडुलिंबाच्या सावलीत पांढरी गाडी उभी होती, आणि काच खाली करून निशांत वर बघत होता. तो गेला नव्हता. त्याला घाई नव्हती.

दुपारभर गाडी हलली नाही. तृप्तीनं हवालदार बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, रस्त्यावर गाडी उभी करणं गुन्हा नाही. तृप्तीनं कडी लावली, दाराला टेबल लावलं, टेबलावर मिक्सर ठेवला. अबोली बघत होती.

ऊन उतरल्यावर अबोलीनं टेबल बाजूला केलं.

"कुठे?"

"भाजी आणायला. तुला पथ्याचं काही नाही घरात."

"अबू, तो खाली आहे."

"तो उद्याही असेल. परवाही." तिनं स्वतःचा कुडता घातला होता. जो घालून ती आली होती तो, निळा. "मी नाही गेले तर तुझ्या घरातही मी त्याच्याच घरात असल्यासारखी राहीन."

तृप्तीला तिला ओढून ठेवायचं होतं. ताकद नव्हती. ती बाल्कनीत जाऊन कठडा धरून उभी राहिली.

अबोली फाटकातून बाहेर पडली. ती गाडीच्या बाजूनंच गेली, कारण भाजीची हातगाडी त्याच बाजूला होती. गाडीचं दार उघडलं. निशांत उतरला आणि तिच्यामागून चालू लागला, दोन हातांच्या अंतरावर, काही न बोलता. अबोली हातगाडीपाशी थांबली. तिनं दोडकी हातात घेऊन पाहिली. भाव विचारला असावा, कारण भाजीवाल्यानं बोटं वर केली. निशांत तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. अबोलीच्या हातातलं दोडकं खाली पडलं. तिनं ते उचललं आणि पिशवीत टाकलं. भाजीवाला एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

तृप्तीनं ओरडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात खाली फाटकाचा आवाज झाला. पिंपळापुरे काका प्लास्टिकची खुर्ची ओढत बाहेर आले. फाटकाच्या मधोमध ती ठेवली आणि बसले. हात मांड्यांखाली दाबून ते रस्त्याकडे बघत राहिले.

अबोली परत फिरली. निशांत तिच्यासोबत फाटकापर्यंत आला. काकांनी उठून तिला वाट दिली आणि ती आत शिरल्यावर पुन्हा खुर्चीत बसले. निशांत त्यांच्यासमोर उभा राहिला, हसला, आणि गाडीकडे गेला. गाडी मात्र सुरू झाली नाही.

तृप्तीनं दार उघडून ठेवलं होतं. अबोली जिना चढून आली. घामानं निळा कुडता पाठीला चिकटला होता. दारात पोहोचताच ती तिथेच भिंतीला टेकून बसली. दात वाजत होते, मे महिन्याच्या त्या उकाड्यात. तृप्ती तिच्याजवळ बसली. काय म्हणाला तो, हे तिनं विचारलं नाही.

अबोलीनं पिशवी तिच्याकडे सरकवली.

"कोथिंबीर राहिली," ती म्हणाली. "उद्या आणते."